अब्जात पाच

एकलहऱ्याला रात्रपाळीत सोडियमचा आकडा हलला
तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.
पाचवर असायचा, सात झाला.
अब्जात सात.
शंभर टँकर पाण्यात एक चहाचा चमचा, वर थोडं.
तेवढ्यासाठी मी कंट्रोल रूमला फोन केला.
"सकाळी बघू मॅडम," बोरस्ते साहेब म्हणाले,
"लोड उतरवता येणार नाही आत्ता."

मीठ मला असंच भेटतं, आकड्यात.
घरी म्हणतात, तुझ्या हातची आमटी अळणी.

शुद्ध पाणी सरळ असतं.
तापवत जा, दाबत जा,
तीनशे चौऱ्याहत्तर अंशांवर, दोनशे एकवीस बार दाबाखाली
पाणी आणि वाफ यांच्यातली रेघ पुसून जाते.
उकळणं नाही, थेंब नाही,
एकच काहीतरी, बिननावाचं.
आता त्यात मीठ घाला
आणि त्याच उष्म्यात बघा:
रेघ हटत नाही.
खाली जड, खारं, हट्टी पाणी.
वर हलकी वाफ, जवळजवळ गोडी.
दुधात पडलेला खडा दूध नासवतो.
इथे तो दोन चुली मांडून देतो, बस.

त्या 'जवळजवळ'वर माझी नोकरी चालते.
कारण दाब चढला की वाफही दाट होते
आणि दाट वाफ मीठ उचलते,
कणभर, पदराआड.
पाचशे चाळीस अंशांत ती दिसतसुद्धा नाही.
टर्बाइनमध्ये शिरते, पाती फिरवते, दमते,
दाब उतरत जातो,
आणि मग जे पुढे नेववत नाही
ते पात्यांवर ठेवून निघून जाते.

ओव्हरहॉलला केसिंग उघडलं होतं,
तेव्हा दगडू कोठुळे फिटर यांनी
पात्यावरचं पांढरं नखानं खरवडून जिभेला लावलं.
"मिठाला जागलं बघा हे.
एवढ्या आगीतून आलं तरी खारटच."
मी म्हणाले, माणसांचंही असंच ना काका,
दाब उतरला की...
"माणसांचं नका काढू यात," ते म्हणाले,
"पाती घासायची कधी ते सांगा."

चार वाजता अकरा.
या वेळी बोरस्ते साहेबांचाच फोन आला.
कंडेन्सर गळत होता. म्हणजे
हजारो नळ्यांपैकी एकीला सुईएवढं भोक.
नळीच्या आत गोदावरी, बाहेर निर्वात,
आणि निर्वाताला कायमची तहान.
रामकुंडात कुणीतरी सोडलेली राख,
नासर्डीनं सातपूरहून उचललेलं काय काय,
काठाकाठानं धुतलेल्या कपड्यांचा साबण,
सगळ्या शहराचं उरलंसुरलं
त्या भोकातून आमच्या निवळ पाण्यात.

आधी भुसा टाकून पाहिला.
कधी कधी भुसाच भोकात बसतो आणि सगळे सुटतात.
नाही बसला.
मग लोड निम्म्यावर, एक बाजू बंद, पाणी काढलं,
झाकण उघडलं.
आत चिखल, शेवाळ, एक प्लास्टिकची बाहुली, एका पायाची.
कोठुळे उदबत्ती घेऊन आत शिरले.
मोगऱ्याची. स्टोअरला तीच शिल्लक होती.

एकेका नळीच्या तोंडाशी उदबत्ती.
धूर सरळ वर.
पुढची. सरळ वर.
बाहेर उजाडलं, राखेच्या गाड्या सुरू झाल्या,
माझी पाळी संपली आणि मी थांबले.
बाराव्या ओळीत कुठेतरी धूर वाकला,
बारीक झाला,
आणि सुईत दोरा ओवावा तसा आत गेला.
"हं," कोठुळे म्हणाले. एवढंच.
पितळी बूच, तीन घाव.
दुसऱ्या तोंडाला आणखी एक, तीन घाव.

साडेनऊला आठ. अकराला सहा.
मग पाच, आणि काटा तिथे बसला.
रजिस्टरात लिहिलं: नळी बुजवली.
शेऱ्याचा रकाना मोकळा सोडला.

कँटीनमध्ये कोठुळ्यांनी अंडं सोललं,
मधोमध फोडलं,
आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला, मीठ.
मी डबी सरकवली.
त्यांनी घेतलं ते, माझ्या हिशेबानं,
निदान पन्नास टँकरांचं.